विकणारा म्हणतो

धोबी तलावाजवळच्या एका जुन्या इमारतीत, कुरकुरणारा लाकडी जिना चढून गेलं की पोटमाळ्यावर मिस्त्रींचं दुकान लागे. बाहेर पाटी नव्हती. पण मुंबईत गिटार वाजवणाऱ्या कुणाची नेक वाकली, फ्रेट झिजले किंवा पिकअप मुका झाला की तो इथेच येई. मिस्त्री मूळचे वेंगुर्ल्याकडचे, घराणं सुतारांचं. वडील भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करत. मुलानं गिटारी धरल्या. त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं.

जुनं वाद्य खरं की बनावट हे सांगण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. पण वाद्याला हात लावायच्या आधी ते एक लांबट खतावणी उघडत आणि पानाच्या डोक्यावर लिहीत : ‘विकणारा म्हणतो’. मग गिऱ्हाइकाला म्हणत, “हां, बोल. त्याच्या तोंडचे शब्द सांग. तुझे नकोत.”

डोंबिवलीचा एक पोरगा होता. दिवसा एका कंपनीत हिशेब बघायचा आणि रात्री बास वाजवायचा. लग्नाची रिसेप्शनं, ऑर्केस्ट्रा, कधी पुण्याच्या एखाद्या कॉलेजात रॉक बँडबरोबर. वाजवायचा बरा, पण डोक्यात एकच खूळ : १९६५ च्या आधीचा फेंडर.

हे खूळ त्याच्या एकट्याचं नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणला. तोवर बास म्हणजे माणसाहून उंच, उभ्यानं वाजवायचं अवजड वाद्य. हा गळ्यात अडकवता यायचा, आणि फ्रेट असल्यामुळे सूर नेमका लागायचा. ‘प्रिसिजन’ नाव त्यावरूनच. १९६० साली त्याचा सडसडीत भाऊ आला, जाझ बास. मग १९६५ च्या जानेवारीत लिओ फेंडरनं अख्खी कंपनी सीबीएसला एक कोटी तीस लाख डॉलरना विकली आणि वाद्यांच्या बाजारात अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन पंथ पडले. माझं विचाराल तर त्या जानेवारीत कारखान्यातले कारागीर काही एका रात्रीत हात विसरले नव्हते. पण बाजार हातावर चालत नाही, तारखेवर चालतो.

तर पोरगा एका शनिवारी काळी पेटी घेऊन जिना चढला. उपनगरातल्या एका व्यापाऱ्याकडून अनामत ठेवून त्यानं बास दोन दिवसांसाठी आणला होता. पेटी उघडली तसा पोटमाळ्यावरचा शिकाऊ मुलगाही हातातलं काम टाकून आला. काळ्यातून लालात आणि लालातून पिवळ्यात विरघळणारा सनबर्स्ट रंग, कासवाच्या पाठीसारखं लालसर पिकगार्ड, हात टेकून टेकून उडालेलं पॉलिश.

“विकणारा म्हणतो?” मिस्त्रींनी विचारलं.

“१९६४ चा जाझ बास. एकाच मालकाचा. रंग मूळचा, सगळे भाग मूळचे, कधी उघडलेला नाही. अकरा लाख.”

मिस्त्रींनी शब्दन् शब्द उतरवला. “किती वाक्यं झाली?”

“मोजली नाहीत.”

“मोजत जा. प्रत्येकाची वेगळी झडती घ्यायची असते.”

पोरगा तयारी करून आला होता. बास पालथा करून त्यानं नेक बसवलेल्या जागेवरची पोलादी पट्टी दाखवली. “एल अक्षरानं सुरू होणारा नंबर आहे. हे नंबर १९६३ पासून ६५ पर्यंतचे.”

“पट्टीचा नंबर खरा आहे,” मिस्त्री म्हणाले. “पण पट्टी चार स्क्रूंवर बसते. चार स्क्रू काढायला मला दोन मिनिटं लागतात, चोराला एक.”

त्यांनी ते चार स्क्रू काढलेच. नेक अलगद बाहेर आली. तिच्या टाचेवर रबरी शिक्का होता : ७ जुलै ६४ ए.

“बघा!” पोरगा ओरडला. “सात जुलै! माझ्या बाबांच्या जन्माच्या आदल्या वर्षी!”

“सात ही तारीख नाही. सात नंबर म्हणजे जाझ बास. प्रिसिजन असता तर पाच असता. पुढे महिना आणि साल, आणि ए म्हणजे नेकची रुंदी. पुष्कळ जण त्या आकड्याला तारीख समजून वाद्याचा वाढदिवस करतात.” मग त्यांनी नेकचा फिंगरबोर्ड बोटानं चाचपला. ठिपके मातकट पांढरे होते. १९६४ संपता संपता मोत्यासारखे चमकणारे ठिपके आले; त्याआधीचे असेच, मेलेले. “नेक खरी आहे,” ते म्हणाले आणि वहीत बरोबरची खूण केली.

पोरग्याला हायसं वाटलं. मिस्त्रींनी बटणांची पत्र्याची पट्टी उलटी केली. प्रत्येक बटणाखालच्या पॉटच्या कडेला कोरलेले आकडे भिंगातून वाचले. ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, पुढचे ६४ म्हणजे साल, त्यापुढे आठवडा. तिन्ही पॉट ६४ चे. पुन्हा बरोबर.

“झालं की मग!” पोरगा म्हणाला.

मिस्त्रींचा चेहरा मात्र पडला होता. “सगळं फारच जुळतंय. कारखान्यात माणसं खोक्यात हात घालून हाताला येईल तो पॉट लावत. कधी सहा महिन्यांपूर्वीचा, कधी वर्षापूर्वीचा. सीबीएसनं तर १९६६ साली पॉटचा एवढा साठा केला की ६९ च्या वाद्यांतसुद्धा ६६ चे निघतात. इथे कुणीतरी ६४ शोधून शोधून लावलंय.”

त्यांनी डाख बघितला. साठ वर्षांचा डाख राखाडी, मेणचट पडतो. इथे तारा जुन्या होत्या, कापडी वेष्टणाच्या, पण डाख चकचकीत होता आणि त्याच्या आजूबाजूला आधीच्या डाखाचा डाग उरला होता. म्हणजे हे पॉट आधी दुसऱ्या कशात तरी नांदून आले होते. मग त्यांनी खिडकी बंद करून नोटा तपासायचा निळा दिवा लावला. नेकवरचं जुनं लॅकर हिरवट-पिवळं उजळलं. बॉडी काळीठिक्कर राहिली.

“अजून नक्की नाही,” ते पुटपुटले. “दिवा फसवतो कधी कधी.”

खरी गोष्ट पिकगार्डखाली होती, आणि मिस्त्रींनी त्यावर जितका वेळ घालवला तितकाच मीही घालवणार आहे. त्या काळचं कासवपाठी पिकगार्ड सेल्युलॉइडचं असे. सेल्युलॉइड वर्षानुवर्षं आक्रसत जातं. बॉडीतली भोकं मात्र होती तिथेच राहतात. म्हणून खऱ्या जुन्या बासवर पिकगार्डच्या कडेचे स्क्रू तिरके होतात, एखाद्या कोपऱ्याला चीर जाते. या बासचं पिकगार्ड जुनं होतं, आक्रसलेलंही होतं. पण सगळे स्क्रू सरळ उभे होते. म्हणजे भोकं पिकगार्ड आक्रसल्यानंतर, त्याच्या आजच्या मापानं पाडलेली होती. लाकूड साठ वर्षांचं असतं तर हे झालं नसतं.

पिकगार्ड उचललं. खाली बारीक खिळ्यांची भोकं दिसली. १९६४ च्या सुमारापर्यंत कारखान्यात बॉडीला चार खिळे ठोकून ती त्यांच्यावर टेकवून रंगवत आणि वाळवत. रंग वाळला की खिळे उपटत. म्हणून त्या भोकांच्या आत कोरं लाकूड दिसायला हवं. बनावट करणाऱ्याला खिळ्यांची भोकं ठाऊक होती. तो हुशारच होता. पण त्यानं भोकं आधी पाडली आणि रंग मागून दिला, त्यामुळे पिवळा रंग भोकांच्या तळापर्यंत उतरला होता.

मिस्त्रींनी वही पुढे ओढली. “साक्षीदार सगळे खरे आहेत. फक्त एका गावचे नाहीत. नेक एका बासची, पॉट दुसऱ्याचे, पिकगार्ड तिसऱ्याचं. बॉडी अलीकडची. वाजव बघू एकदा.”

पोरग्यानं वाजवला. छान वाजला. खालची तार पोटात जाऊन बसत होती.

“आवाजावरून तुम्हाला कळलं असतं?” त्यानं विचारलं.

“नाही,” मिस्त्री म्हणाले. “मला नाही, आणि कळतं म्हणणाऱ्यालाही नाही.”

सोमवारी दोघं मिळून व्यापाऱ्याकडे गेले. तो वरमला वगैरे नाही. शांतपणे म्हणाला, “यातला प्रत्येक भाग मी निवडून आणलाय. नेक ६४ ची आहे की नाही? पॉट आहेत की नाहीत? मी कुठल्या भागाबद्दल खोटं बोललो?”

“भागाबद्दल नाही,” मिस्त्री म्हणाले. “‘कधी उघडलेला नाही’ म्हणालात. ‘रंग मूळचा’ म्हणालात.”

“मला जसं सांगितलं गेलं तसं मी सांगितलं. आणि आवाज? डोळे मिटून फरक सांगा.”

“सांगता येणार नाही. बास चांगला आहे. ‘नेक ६४ ची, बाकी जमवलेलं’ असं बिलावर लिहा, हा पोरगा चार लाख आत्ता मोजतो.”

व्यापारी हसला. “आणि सात लाखांचं नुकसान कुणी सोसायचं?”

“म्हणजे चार लाख बासचे आहेत आणि सात लाख तुमच्या वाक्याचे,” मिस्त्री म्हणाले. “आम्हाला बास हवा होता.”

परत येताना पोरगा चिडून म्हणाला, “पण फेंडर कंपनी स्वतःसुद्धा नवी वाद्यं घासून, टवके उडवून जुनी करून विकते. १९९५ पासून. रेलिक म्हणतात. ते चालतं?”

“सांगून विकते ना? मग चालतं. सत्तरच्या दशकात जपानात ग्रेको आणि टोकाई यांनी अमेरिकन वाद्यांच्या हुबेहूब नकला काढल्या. माझ्याकडे आहे एक ग्रेको, कुणाला हात लावू देत नाही. डोक्यावर ‘ग्रेको’ लिहिलंय तोवर ती नक्कल सच्ची. ज्या दिवशी कुणी ते नाव खरवडून फेंडरचा स्टिकर चिकटवेल, त्या दिवशी तीच ग्रेको लबाड होईल. लाकूड काय, आदल्या दिवशीचंच.”

पोरग्याला हे पटलं की नाही सांगता येत नाही. तो नाराज होता, आणि नाराज माणसाला तत्त्वज्ञान पचत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर मिस्त्रींचा निरोप आला. कावेलच्या गल्लीत एक गोवेकर आंटी राहते, नवरा सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवायचा, तो वारला, वाद्य विकायचं आहे. ताडदेवपासून वांद्र्यापर्यंतच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत त्या काळी गोव्याच्या वादकांशिवाय पान हलत नसे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशी काही नावं लोकांना ठाऊक आहेत, बाकीची पडद्यावर कधी आलीच नाहीत. हा नवरा त्या बाकीच्यांपैकी.

आंटीनं पलंगाखालून पेटी ओढली. पोरग्यानं आत पाहिलं आणि त्याचा उत्साह मावळला. फ्रिजसारखा पांढरा रंग, ठिकठिकाणी पोपडे. एक चावी वेगळीच. आणि डोक्यावर, जिथे कंपनीचं नाव असायला हवं, तिथे पात्यानं खरवडलेलं लाकूड.

मिस्त्रींनी वही उघडली. “बाई, काय काय झालंय याला ते सांगा.”

“सगळं सांगू?” आंटी म्हणाली. “मग बस हांगा. माझा दीर बोटीवर होता, तारवटी. त्यानं १९६९ त हाडला, तिथेच कोणाकडून तरी जुना घेतलेला. मूळचा रंग काळा-लाल होता. ह्याला गोरा हवा होता, म्हणून माझगावच्या गॅरेजात मोटारीचा रंग मारून आणला. एक चावी मोडली, हाताला मिळाली ती लावली, मग रोज तिला गाळी देत बसायचा. पिकअप अर्धा मेला तेव्हा लॅमिंग्टन रोडच्या रेडिओवाल्यानं तार गुंडाळून दिली. आणि नाव त्यानं स्वतः खरवडलं. कोणी म्हणालं, कस्टमवाले घरात येऊन विदेशी माल उचलतात. रातभर बसून ब्लेडनं काढलं.”

“नाव कुठलं होतं?”

“मला काय ठाऊक? मी तियात्राची गाणी ऐकते. ही ढम ढम नव्हे.”

“किती मागता?”

“भाचा म्हणतो, बिनानावाचा आहे, साठ हजार आले तर देऊन टाक.”

मिस्त्रींनी वही भरली. पान पुरलं नाही, उलटावं लागलं. मग स्क्रू काढायला बसले.

नेकच्या टाचेवर शिक्का : ५ मे ६३ सी. पोरगा या वेळी तारीख म्हणाला नाही. त्याच्या तोंडून नुसतं “प्रिसिजन” एवढंच आलं. पॉटवर ३०४, पुढे ६२. आधीच्या वर्षाचे, असायला हवेत तसे, जरा शिळे. डाख राखाडी, फक्त पिकअपच्या एका बाजूला रेडिओवाल्याचा जाड ठिपका. चाव्या फिरवून पाहिल्या. त्या काळी क्लुसनच्या चाव्या फेंडरच्या बासवर उलट्या फिरत. इथे तीन उलट्या फिरल्या आणि एक सुलटी. नवऱ्यानं तिला शिव्या का दिल्या असतील ते कळलं.

पिकगार्डच्या कोपऱ्याला चीर होती आणि कडेचे स्क्रू वेडेवाकडे झुकलेले. गॅरेजवाल्यानं आळसानं ते न काढताच, कडेनं कागद चिकटवून फवारा मारला होता. मिस्त्रींनी ते उचललं आणि खाली १९६३ जसंच्या तसं बसलेलं होतं. सनबर्स्टमधला लाल रंग उजेडानं सगळ्यात आधी विटतो. इथे उजेड पोचलाच नव्हता, म्हणून तो डाळिंबासारखा ताजा होता. खिळ्यांची भोकं आतून कोरी. शेवटी निळा दिवा डोक्यावर धरला तेव्हा खरवडलेल्या जागी अक्षरांची पुसट सावली वर आली.

आंटी म्हणाली होती त्यातलं एकही वाक्य खोटं निघालं नाही. तिला माहीत नव्हतं तेवढंच तिनं सांगितलं नव्हतं.

“पण मोडतोड किती झालीय,” पोरगा हळू आवाजात म्हणाला. तो भाव करत होता की स्वतःला समजावत होता, कोण जाणे.

“जाको पास्टोरियसचा बास आठव,” मिस्त्री म्हणाले. हे नाव बास वाजवणाऱ्याला सांगावं लागत नाही. १९६२ चा जाझ बास, फ्रेट उपटलेले, वर बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवलेलं. त्याचे तुकडे झाले, कारागिरांनी ते एकेक करून जोडले, आणि १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये तो चोरीला गेला. वीस वर्षांनी एका दुकानात निघाला. शेवटी २०१० मध्ये मेटॅलिकाच्या रॉबर्ट ट्रुहियोच्या मदतीनं तो घरच्यांकडे परत गेला. “शेकड्यांनी असतील ६२ चे जाझ बास. पण त्या जागी तसेच सांधे असलेला एकच.”

दोघं जिन्यापर्यंत आले. मिस्त्रींनी जाताजाता सहज सांगितलं, “रंग गेलेला, नाव गेलेलं, तरी सहा लाखांच्या खाली याला कुणी मागू नये.”

पोरग्याच्या खिशात चेकबुक होतं. दोन जिने तो काही बोलला नाही. खाली रस्त्यावर आल्यावर म्हणाला, “किंमत तिनंच सांगितली. मी काही खोटं बोललेलो नाही.”

“व्यापारी हेच म्हणाला होता,” मिस्त्री म्हणाले आणि पानाच्या टपरीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी पोरगा एकटाच कावेलला गेला आणि त्यानं आंटीला सगळं सांगितलं. शिक्का, साल, सहा लाख. त्याला वाटलं होतं आंटीच्या डोळ्यांत पाणी येईल, निदान चहा तरी मिळेल. आंटीनं संशयानं त्याच्याकडे पाहिलं. “एवढं बरं कोण सांगतं रे? तुका जाय तरी किदें?” आणि पेटी परत पलंगाखाली सरकवली.

भाच्यानं चौकशी करत करत तो बास नेमका त्याच उपनगरातल्या व्यापाऱ्याकडे नेला. मुंबई मोठी असली तरी हा धंदा एका चाळीएवढा आहे. व्यापाऱ्यानं पाच लाख सांगितले. वर म्हणाला, पांढरा रंग उतरवून सनबर्स्ट मारून देतो, नावही परत लावतो, अगदी तेव्हाच्या अक्षरांत. मग कुणाला कळणार नाही. भाचा खूश झाला. आंटीनं एवढंच विचारलं, “कोणाला काय कळणार नाही?”

त्यावर व्यापाऱ्याला पटकन उत्तर सुचलं नाही.

“माझ्या घोवानं एक रात बसून काढलं ते नाव,” ती भाच्याला म्हणाली. “हा कोण लावणारा? चल.”

आठवडाभरानं तिनं पोरग्याला बोलावलं आणि सव्वासहा लाख सांगितले. भाव करताना तिनं कसलीही भीड ठेवली नाही. पोरगा म्हणाला, मिस्त्री सहा म्हणाले होते. ती म्हणाली, मिस्त्रीक विकत घेऊंक सांग. शेवटी सव्वासहालाच ठरलं. वरच्या पंचवीस हजारांसाठी त्याला मित्राकडे हात पसरावे लागले. पावती आंटीनं स्वतः सांगून लिहून घेतली. गॅरेजचा रंग, सुलटी चावी, रेडिओवाल्याची तार, ब्लेडनं काढलेलं नाव. तिसऱ्या फ्रेटवर ए ची तार कधीकधी खरखरते हेसुद्धा तिनं घालायला लावलं, कारण नवरा त्याबद्दलही कुरकुरायचा. पोरग्यानं वर ‘विंटेज’ लिहिलं होतं, ते तिनं खोडायला लावलं. तो शब्द तिनं सांगितला नव्हता.

हे इथे संपलं असतं. पण दिवाळीनंतर एकदा पोरगा मिस्त्रींकडे तारा बदलायला बसला असताना पुण्याचे एक गृहस्थ जिना चढून आले. निवृत्त इंजिनिअर, तरुणपणी बँडमध्ये वाजवत, आता हौस पुरी करत होते. पेटी उघडली. काळा, लाल, पिवळा सनबर्स्ट. सरळ उभे स्क्रू.

“नुसता सेटअप करायचाय,” ते अभिमानानं म्हणाले. “६४ चा आहे. ओरिजिनल. कसा वाटतो?”

मिस्त्रींनी पोरग्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांनी फक्त सेटअप करून दिला असता तर कुणी त्यांना दोष दिला नसता. पण ‘कसा वाटतो’ हे विचारलं गेलं होतं. त्यांनी खतावणी काढली, ते पान उघडलं आणि गृहस्थांसमोर ठेवलं.

गृहस्थांनी वाचलं. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मग खिशातून बिल काढून दोन्ही शेजारी ठेवून पडताळलं, इंजिनिअरची सवय. बिलावर तीच वाक्यं होती, त्याच क्रमानं. खाली दहा लाख.

“परत करायला गेलो तर घेईल तो?”

“विचारून बघा. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय,” पोरगा म्हणाला.

“किंवा मी पुढे विकू शकतो.” ते जरा वेळ गप्प बसले. “हेच बिल दाखवून. मला तरी कुठे माहीत होतं? मला सांगितलं तसं मी सांगितलं.”

कुणी काही बोललं नाही. खाली हातगाडीवाला कुणाशी तरी भांडत होता.

“छे,” ते म्हणाले. “मी नाही विकायचा. वाजवीन. चांगला वाजतो. पण माझ्या मागे मुलगा विकेल. त्याला यातलं काही कळत नाही. तो पेटीतलं बिल काढून पुढे करेल.”

“बिल फाडून टाका,” पोरगा म्हणाला.

“बिल फाडलं तरी पट्टीवरचा नंबर आहे, शिक्का आहे. बास स्वतःच तेच सांगत राहणार.”

मिस्त्रींनी यावर मान डोलावली आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. चार स्क्रू काढले, नेक बाजूला ठेवली. नेक जिथे बसते तो बॉडीतला खळगा समोर आला. त्यांनी कानावरची सुतारी पेन्सिल पोरग्याच्या हातात दिली. “तुझं अक्षर बरं आहे. कुणीही खोलून बघायला बसला की पहिली नजर इथे जाते. लिही : नेक १९६४ ची, बॉडी नंतरची, बाकी भाग गोळा केलेले.”

पोरग्यानं लिहिलं, खाली महिना आणि साल टाकलं.

गृहस्थ चष्मा वर करून वाकून बघत होते. “माझं नाव घाला. आणि केवढ्याला घेतला तेही.”

“एवढीशी जागा आहे,” मिस्त्री म्हणाले.

“मग बारीक लिहा.”